वाटाड्या हवा, पहारेकरी नको

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘रोजच्या प्रवासासाठी गाडीतलं दिशादर्शक यंत्र कसं निवडावं’ या विषयावर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



शिबिराच्या विषयपत्रिकेत कायदा, आरोग्य आणि संघटनबांधणी यांच्या मधोमध हा विषय पाहून काहीजणींना नवल वाटलं असेल. गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र कुठलं घ्यावं, हे घरातल्या पुरुषांनी नाहीतर दुकानदाराने सांगायचं, त्याचं इथे काय काम? पण समुपदेशन केंद्राच्या कामासाठी मी रोज गाडी चालवते. न्यायालय, पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय, संरक्षण अधिकाऱ्यांचं कार्यालय, आणि नाशिकहून पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे पाडे असा आमचा फेरा असतो. या फेऱ्यांमधून मला एक गोष्ट कळली आहे. रस्ता कुणाला माहीत आहे, आणि आपण कुठे आहोत हे कुणाला माहीत आहे, हे दोन्ही प्रश्न सत्तेचे आहेत. म्हणून हा विषय आपला आहे.

बायकांना दिशा कळत नाहीत, रस्ते लक्षात राहत नाहीत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या मुलीला घर, शाळा आणि देऊळ याखेरीज कुठे एकटीनं जाऊच दिलं नाही, तिला गावाबाहेरचे फाटे कुठून माहीत असणार? तिचा भाऊ सायकल घेऊन दिवसभर हिंडतो, त्याच्या डोक्यात गावाचा नकाशा आपोआप तयार होतो. पुढे त्या नकाशाला आपण त्याची हुशारी म्हणतो आणि तिच्या न हिंडण्याला तिचा स्वभाव म्हणतो.

रस्ता विचारणं हीदेखील बाईसाठी साधी गोष्ट नसते. संध्याकाळी सात वाजता फाट्यावरच्या टपरीशी गाडी थांबवून चारजणांना पत्ता विचारायचा, म्हणजे ‘कुणाकडे जायचंय? काय काम? एकट्याच का?’ ही उलटतपासणी आलीच. तेवढं आपण झेलू. पण दुसऱ्या दिवशी गावभर होतं की संस्थेच्या बाया अमक्याच्या सुनेकडे आल्या होत्या. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हांला गृहभेट शिकवली, गोपनीयता शिकवली. पण पत्ता विचारतानाच गोपनीयता संपते, हे काम करतानाच कळलं. कुणालाही न विचारता दारापर्यंत नेणारं यंत्र म्हणूनच आपल्याला चैन वाटू नये. आपल्या कामात ते गरजेचं आहे.

मात्र त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ती समजण्यासाठी हे यंत्र चालतं कसं, ते आधी थोडं पाहू.

ऐकणारं यंत्र आणि सांगणारं यंत्र

आपण ज्याला सरसकट जीपीएस म्हणतो, ती अमेरिकेची उपग्रह-व्यवस्था आहे. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेईदू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा इतरही व्यवस्था आहेत. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि ‘मी इथे आहे, आत्ता इतके वाजले’ असा संदेश सतत पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपल्या हातातलं यंत्र हिशेब करून स्वतःची जागा ठरवतं. सुरुवातीला सामान्य लोकांना मिळणारा संदेश अमेरिकी सरकार मुद्दाम ढोबळ ठेवत असे. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि मग गल्लीबोळ दाखवणारी यंत्रं शक्य झाली.

या सगळ्यामागे जे गणित लागतं, त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं. ग्लॅडिस वेस्ट या कृष्णवर्णीय गणितज्ञ १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डाहलग्रेन इथल्या नौदलाच्या केंद्रात कामाला लागल्या. पृथ्वीचा नेमका आकार गणितात मांडण्याचं त्यांचं काम पुढे जीपीएसच्या अचूकपणाला उपयोगी पडलं. आपल्याकडे रस्त्यांचे संगणकीय नकाशे तयार करण्यात ज्या मॅपमायइंडिया कंपनीचं नाव घेतलं जातं, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक रश्मी वर्मा आहेत. तेव्हा नकाशा हे पुरुषांचं क्षेत्र असल्याचं कुणी सांगितलं, तर ही नावं सांगा.

आता महत्त्वाचा मुद्दा. उपग्रह बोलतो आणि आपलं यंत्र फक्त ऐकतं. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कळत नाही. रेडिओवरच्या बातम्या आपण ऐकतो तेव्हा आकाशवाणीला आपलं घर कळत नाही, तसंच हे. आपली जागा दुसऱ्याला कळते ती तेव्हा, जेव्हा यंत्रात सिमकार्ड किंवा इंटरनेट असतं आणि ऐकलेलं ते पुढे कुणाला तरी सांगतं. म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा पडद्याच्या आकाराचा नको. हे यंत्र नुसतं ऐकतं की सांगतंही? आणि सांगत असेल तर कुणाला?

‘बावीस मिनिटं कुठे होतीस?’

आमच्याकडे आलेल्या एका शिक्षिकेची हकिगत सांगते. गाडी तिच्या पगारातून घेतलेली, हप्तेही तीच भरत होती. नवऱ्याने चोरीच्या भीतीचं कारण देऊन गाडीत जागा कळवणारं यंत्र बसवलं. सगळ्या घराला ते काळजीचं वाटलं. मग रोज संध्याकाळी प्रश्न सुरू झाले. ‘बाजारात बावीस मिनिटं कशाला लागली? आज त्या रस्त्याने का गेलीस?’ आमच्या केंद्रात यायचं तर ती गाडी भाजीबाजाराशी उभी करी आणि उरलेलं अंतर चालत येई. हातात नेहमी भाजीची पिशवी. तिच्या अंगावर एकही वळ नव्हता. पण स्वतःच्या गाडीतून स्वतःच्या मर्जीने कुठे थांबण्याची तिची मुभा गेली होती.

अशा वेळी आपल्यापैकी कुणीही पटकन म्हणेल, ‘काढून फेका ते यंत्र!’ तसं करू नका. यंत्र बंद पडलं की त्याच क्षणी त्याला कळतं, आणि मारहाणीचा धोका वाढतो तो नेमका अशा वेळी. आधी बाईशी बोला. यंत्राचे, ते जिथे आहे त्या जागेचे फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. ती रात्री कुठे राहणार, मुलं कुठे असतील, हे ठरवा. यंत्र काढायचं की नाही, आणि कधी, हा निर्णय तिचा. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मध्ये मानसिक छळही हिंसाच मानला आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे द्यायच्या अर्जात अशी पाळत सविस्तर लिहा. नुसतं ‘त्रास देतो’ एवढ्यावर थांबू नका. बाई नको म्हणत असताना वारंवार पाठलाग करणं, तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

आणखी एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल मॅप्सवर आपली जागा तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी ठेवावी, अशी अट घालता येणार नाही, कारण त्याने खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा भंग होतो. खटला अमली पदार्थांच्या गुन्ह्याचा होता. ज्याच्यावर इतका गंभीर आरोप आहे त्याच्यावरही अशी चोवीस तासांची नजर चालत नसेल, तर कुठलाही गुन्हा न केलेल्या बायकोवर ती कुठल्या न्यायाने चालते? हा प्रश्न मी समुपदेशनात नवऱ्यांना विचारते. उत्तर बहुधा ‘आमच्या घरचा मामला आहे’ असंच येतं.

पर्याय कोणते?

आता निवडीकडे येऊ. रोजच्या गाडी चालवण्यासाठी ढोबळमानाने तीन पर्याय आहेत.

पहिला, आपला नेहमीचा फोन आणि त्यातला नकाशा. वेगळा खर्च नाही, रस्त्यावरची गर्दी कळते, नकाशा ताजा असतो. पण फोन सांगणारं यंत्र आहे. एकच खातं दोन फोनवर उघडं असेल, तर त्या खात्यावरून दुसरा फोन कुठे आहे ते शोधता येतं. आपल्याकडे कितीतरी बायकांच्या फोनवरचं खातं नवऱ्याने किंवा मुलाने उघडून दिलेलं असतं, पासवर्डही त्यांच्याकडेच. म्हणून फोन वापरायचा तर आधी खातं स्वतःचं करा, पासवर्ड स्वतः ठेवा, आणि आपली जागा कुणाकुणाला दिसते आहे ते महिन्यातून एकदा उघडून पाहा.

दुसरा, गाडीतच बसवलेला पडदा. मोठा असतो, वाचायला सोपा, नजर रस्त्यावरून फारशी ढळत नाही. पण आपण मागे कुठे कुठे गेलो त्याची यादी तो जपून ठेवतो आणि जोडलेल्या फोनमधली नावंही उतरवून घेतो. संस्थेची गाडी दुरुस्तीला जाते, कधी बदली चालक येतो, कधी आपण ती विकतो. त्या यादीत निवारागृहाचा पत्ता असेल, माहेरी लपून राहिलेल्या मुलीचं गाव असेल, तर ते गॅरेजमधल्या कुणालाही दिसेल. म्हणून यादी पुसता येते का, कशी पुसायची, हे विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून करून दाखवून घ्या. गाडी विकताना तर सगळं पुसूनच द्या.

तिसरा, काचेजवळ लावायचं स्वतंत्र यंत्र. फोनवर फुकट नकाशे आल्यापासून त्यांचा बाजार खूप कमी झाला आहे. त्यांचा गुण हा की बिनसिमचं यंत्र नुसतं ऐकतं, कुणाला काही सांगत नाही. दोष हा की नकाशा वेळोवेळी ताजा करावा लागतो. नाहीतर नवा रस्ता त्याला माहीतच नसतो.

या तिघांच्या मधला एक मार्ग आमच्या केंद्राने धरला आहे, आणि लहान संस्थांना तो परवडणारा आहे. एक वेगळा, जुना पण चांगल्या स्थितीतला फोन फक्त गाडीसाठी ठेवायचा. त्यात सिमकार्ड नाही, कुणाचं खातं नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आहे; त्यावर चालणारी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप घ्यायची आणि महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून ठेवायचा. मग इंटरनेट नसतानाही रस्ता दिसतो. गर्दी कळत नाही, ही उणीव आहे. शहरातल्या उघड कामाला नेहमीचा फोन वापरावा, आणि जिथे पत्ता गुप्त राहायला हवा तिथे हा.

परीक्षा आपल्या रस्त्यावर घ्या

दुकानात सगळीच यंत्रं छान चालतात. विकत घेण्यापूर्वी, किंवा निदान परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, ती आपल्या रस्त्यावर चालवून पाहा. आम्ही तीन ठिकाणं ठरवली आहेत. रविवार कारंज्याजवळची दाटीची गल्ली, सावळघाट, आणि मुख्य रस्त्यापासून आत असलेला एक पाडा. तुमच्या भागातल्या अशा तीन जागा तुम्ही ठरवा.

गल्लीत पाहायचं की यंत्र वळण वेळेवर सांगतं की वळण गेल्यावर. घाटात पाहायचं की मोबाईलचं जाळं गेल्यावर नकाशा टिकतो का. जाळं नसताना फोनला आपली जागा सापडायला जास्त वेळ लागतो, म्हणून घाटात शिरून मग नव्हे, तर निघतानाच नकाशा सुरू करावा. आणि पाड्यावर पाहायचं की त्याचं नाव तरी नकाशात आहे का. बहुतेक वेळा नसतं. महसुली गाव असतं, पण पाडा, तांडा, वाडी नसते. जी वस्ती नकाशात नाही तिथे रुग्णवाहिकाही चुकते. इथे आपल्याला नुसतं ग्राहक राहून चालणार नाही. खुल्या नकाशात पाड्यांची नावं, पाणवठे, उपकेंद्रं, बायकांची स्वच्छतागृहं आपण स्वतः भरू शकतो. बचतगटाच्या बैठकीत हे काम एका दुपारी होतं. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिनमध्ये सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांची खूण दिली आहे. घरक्रमांक नसलेल्या घरासाठी ती उपयोगी पडेल. मात्र कुठल्याही पीडित बाईच्या घराची खूण नकाशात नोंदवू नका. ती आपल्या वहीतही सांकेतिक नावानेच असावी.

बाकीच्या बाबी साध्या, पण रोजच्या. भर दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का? चाळिशीचा चष्मा लागलेल्या सहकाऱ्याला अक्षर दिसतं का? सूचना मराठीत ऐकू येतात का, आणि गावांची नावं ओळखू येतील अशी उच्चारली जातात का? फोन धरणारी पकड खड्ड्यात सुटते का? मे महिन्यात काचेमागे फोन तापून बंद पडतो, म्हणून तो हवेच्या झोताजवळ लावता आला तर बरं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातल्या फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि चालवणारीचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच, करता येतो. म्हणजे पत्ता घालायचा तो गाडी सुरू करण्यापूर्वी.

जवळचा रस्ता, बरा रस्ता

यंत्राला वेळ आणि अंतर कळतं. उजेड कळत नाही, वर्दळ कळत नाही, पुलावरून पाणी वाहतंय हे कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर नकाशाच्या भरवशावर गाडी गेली आणि चालक बुडाला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. तेही नकाशा पाहत चालले होते, अशा बातम्या आल्या. आपल्या भागात पावसाळ्यात फरशी पूल तासाभरात पाण्याखाली जातो. तेव्हा आधी गावात फोन करून विचारायचं. नकाशा काहीही म्हणो.

अंधारानंतर चार किलोमीटर वाचवणारा आडरस्ता घेऊ नये, हा आमचा नियम आहे. रस्ता बाईला सुरक्षित आहे की नाही हे मोजायचं कसं, याचं काम स्त्री-संघटनांनीच सुरू केलं. टोरांटोत १९८९ साली बायकांनी रस्त्यांची सुरक्षितता-तपासणी केली. आपल्याकडे दिल्लीच्या जागोरी संस्थेने ती पद्धत वापरली, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिनने उजेड, मोकळेपणा, माणसांची ये-जा अशा निकषांवर ती फोनवर आणली. गाडी कुठून न्यायची, हे या निकषांवर आपणही ठरवू शकतो. गटातल्या बायकांनी सांगितलेले बरे-वाईट रस्ते आम्ही एका वहीत लिहून ठेवतो. कुठल्या फाट्यावर रात्री दिवा असतो, कुठला पेट्रोलपंप उशिरापर्यंत उघडा असतो, कुठल्या घरचं दार आपल्यासाठी केव्हाही उघडेल. हे कुठल्याच यंत्रात मिळत नाही.

काळजी आणि पाळत

कुणीतरी विचारेल, मग आपली जागा कुणालाच कळू द्यायची नाही का? रात्री एकटी कार्यकर्ती पाड्यावरून परतत असेल तर? तिची जागा कळायलाच हवी. काळजी आणि पाळत यांतला फरक ओळखायला मी तीन प्रश्न विचारते. तिने स्वतः होकार दिला आहे का? ते ठरावीक वेळेपुरतं आहे का? आणि तिला वाटेल तेव्हा, कारण न सांगता, बंद करता येतं का? व्हॉट्सॲपवर आपली चालती जागा पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास अशी मुदत घालून पाठवता येते, मधेच थांबवताही येते. आम्ही निघताना केंद्रातल्या एकाच सहकाऱ्याला ती पाठवतो आणि पोहोचलो की बंद करतो. संस्थेनेही आपल्या कार्यकर्तीवर यापेक्षा जास्त नजर ठेवू नये. गाडीत यंत्र बसवून कोण किती वेळ कुठे थांबलं याचा तक्ता काढणं, हा प्रकार संस्थांमध्येही येऊ लागला आहे. त्याबद्दल आपण आपल्याच कार्यकारिणीला हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

प्रवासी वाहनांची गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांत, रिक्षा वगळता, जागा कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण असावं असा नियम झाला. २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेनंतरच्या मागण्यांतून तो आला. तिथे वाहन अनोळखी माणसाच्या ताब्यात असतं आणि उत्तरदायी व्हायचं असतं त्याने. भाड्याच्या गाडीत बसताना ते बटण आहे का पाहा, नसेल तर विचारा. ११२ हा क्रमांक सगळ्यांच्या तोंडपाठ हवा.

आणि एक व्यवहारातली सूचना. गाडीत न सांगता बसवलेलं यंत्र बहुधा सुकाणूखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये, आसनाखाली किंवा बंपरच्या आत चुंबकाने चिकटवलेलं असतं. किल्लीला लावायच्या छोट्या ब्लूटूथ यंत्रांबद्दल मे २०२४ पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही इशारा देऊ शकतात. सिमकार्डवर चालणाऱ्या यंत्रांबद्दल मात्र फोन काही सांगत नाही. ती हाताने शोधावी लागतात. ओळखीची, विश्वासाची मेकॅनिक किंवा मेकॅनिक-भाऊ प्रत्येक संस्थेने जोडून ठेवावा.

आज दुपारच्या सत्रात आपण प्रत्येकीचा फोन उघडून आपली जागा कुणाला दिसते आहे ते पाहणार आहोत. कुणाच्या फोनवर काय निघालं, ते या खोलीबाहेर जाणार नाही. त्यानंतर संस्थेच्या गाडीतल्या पडद्यावरची मागच्या ठिकाणांची यादी कशी पुसायची, ते अंगणात गाडीजवळ जाऊन प्रत्येकीने स्वतःच्या हाताने करून पाहायचं आहे. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांनीही यावं. शेजारी बसून नकाशा वाचणारीलाही हे यायलाच हवं.